निम्मी साखर प्रत्येक पदार्थाला चालत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विट्याला सासर, सासऱ्यांना मधुमेह, मुलगा सात वर्षांचा, आणि घरात सणवार एकही चुकत नाही. म्हणून दिवाळीपासून तुम्ही प्रत्येक गोडात साखर-गूळ निम्म्यावर आणला. बेसनाचे लाडू आणि गुढीपाडव्याचं श्रीखंड छान झालं, पण नारळाची वडी पडलीच नाही, संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांचा भुगा झाला आणि होळीची पुरणपोळी कडेला फाटत राहिली. आता तुम्ही विचारताय की असं का झालं, साखरेऐवजी सगळीकडे गूळ वापरला तर सासऱ्यांना चालेल का, आणि कोणत्या ऋतूत कोणतं गोड करावं.

मी सांगलीत सणासुदीच्या गोडाच्या ऑर्डरी घेते आणि नव्या मुलींना शिकवतेही. साखर कमी करायचा हा प्रश्न हल्ली जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा हेतू योग्य आहे. फक्त सरसकट निम्मं हे माप बरोबर नाही. काही पदार्थांत साखर नुसती गोडीपुरती असते. काहींत ती पदार्थ बांधून धरते. आणि काहींत ती पदार्थ टिकवते. कमी करायच्या आधी या पदार्थात ती काय करतेय ते बघायचं. तुमचं काय जमलं आणि काय बिघडलं, ते सगळं यातच आलं.

नारळाची वडी घ्या. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला आपण दीड वाटी साखर घेतो. ती आधी विरघळते, मग आटताना तिचे परत बारीक कण धरतात आणि त्या कणांत खोबरं अडकून वडी घट्ट होते. साखर निम्मी केली की धरायला काही उरतच नाही. कितीही आटवा, कोरडा चुरा होईल, वडी पडणार नाही. खवा घालायची तयारी असेल तर साखर वाटीभरापर्यंत खाली येते, कारण बांधायचं थोडं काम खवा करतो. नाहीतर वडी नेहमीच्याच मापाने करा, पातळ थापा आणि बोराएवढ्या कापा. वडीची साखर कमी करण्यापेक्षा वडी लहान करणं केव्हाही सोपं.

तिळाच्या लाडवाचंही तेच. चिक्कीच्या गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की टणकन वाजला पाहिजे, तरच तो तिळाला धरतो. तीळ आणि गूळ वजनाला सारखे लागतात ते त्याचसाठी. तुम्ही निम्म्या गुळाचा पाक केला, तो सगळ्या तिळांपर्यंत पोचलाच नाही. गूळ कमीच करायचा असेल तर पाकाच्या वाटेला जाऊ नका, कुटाचे लाडू करा. तीळ खमंग भाजून, कोमट असतानाच साध्या मऊ गुळाबरोबर खलबत्त्यात कुटायचे. तिळाला तेल सुटतं आणि त्या तेलानेच लाडू वळला जातो. इथे पाव किलो तिळाला दीडशे ग्रॅम गूळ पुरतो, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट मिसळला तर आणखी थोडा कमी. चवीला हे लाडू पाकातल्यांपेक्षा सरस असतात असं माझं मत आहे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या दातांनाही सोसतात.

बेसनाचे लाडू तुमचे जमले, कारण त्यांना बांधतं ते तूप. गार झालं की तूप आळतं आणि लाडू उभा राहतो. चार वाट्या बेसनाला तीन वाट्या पिठीसाखर घेतात, ती दोनवर आणली तरी लाडवाला काही होत नाही. मात्र बेसन मंद आचेवर भाजायला कंटाळू नका. कच्चट भाजलेलं बेसन जास्त साखर मागतं, खरपूस भाजलेलं कमी. पाकातल्या रव्याच्या लाडवांना मात्र हे लागू नाही, तिथे बांधतो तो एकतारी पाकच. अनारशालाही हात लावू नका. गूळ कमी पडला की जाळी पडत नाही, जास्त झाला की अनारसा तेलात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. त्याचं माप ठरलेलं आहे.

साखरांबा आणि मुरंब्यात साखर टिकवायचं काम करते. पदार्थातल्या पाण्याला ती इतकी धरून ठेवते की बुरशीला ते मिळत नाही. त्यासाठी पाकात साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असावं लागतं. निम्म्या साखरेचा साखरांबा बरणीत भरून फडताळात ठेवला तर पंधरवड्यात आंबेल. असा करायचाच असेल तर थोडा करा आणि फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा.

आता श्रीखंड. त्याला घट्टपणा चक्क्याचा असतो. साखर उलट त्याला सैल करते, म्हणून कमी साखरेचं श्रीखंड जास्त दाट लागलं असेल तुम्हाला. बरेच जण किलो चक्क्याला किलो साखर घेतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आंबट चक्का हे असतं. आपल्याकडे चैत्रात दही रात्रभर खुंटीला टांगलं तर सकाळपर्यंत चांगलंच आंबतं. संध्याकाळी लावलेलं ताजं दही फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, वर वजन देऊन फ्रीजमध्येच निथळू द्या. असा चक्का किलोला अर्धा किलो साखरेत भागतो. चव मात्र श्रीखंड गार झाल्यावर घ्या. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून ढवळताना बरोबर वाटलेलं श्रीखंड ताटात फिकं लागू शकतं. चिमूटभर मीठ आणि चांगलं खललेलं केशर-जायफळ घातलं की ही कसर भरून निघते.

बासुंदीत तर साखर जवळजवळ चमच्यांवर मोजावी. लिटरभर दुधात मुळातच पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास दुधाची साखर असते. दूध आटून तिसऱ्या हिश्शावर आलं की ती सगळी त्या दोन-तीन वाट्यांत उतरते. साताऱ्याचा कंदी पेढा पांढऱ्या पेढ्यापेक्षा कमी गोड असूनही मनात राहतो, तोही आटलेल्या-भाजलेल्या दुधामुळेच. तिथे खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो आणि चव त्या भाजण्यातून येते. घरी बासुंदी करताना कढईच्या कडेची साय खरवडून आत ढकलत राहा, घाई करू नका. लिटरभर दुधाला तीन-चार चमचे साखर पुष्कळ होते.

पुरणपोळीबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपल्याकडे बेंदूर हा बैलांचा सण असो, होळी असो, पुरणाशिवाय पान हलत नाही. किलो हरभराडाळीला किलो गूळ हे जुनं माप. ते सातशे ग्रॅमपर्यंत बिनधास्त खाली आणता येतं. निम्म्यावर आणलं तर चव डाळीकडे झुकते. पोळी फाटण्याचं कारण मात्र वेगळं आहे. गूळ पुरणात ओल धरून ठेवतो. तो कमी घातला आणि पुरण नेहमीइतकाच वेळ परतलं, की ते कोरडं होतं. मग लाटताना कणीक पुढे सरकते, पुरण मागे राहतं आणि कड फाटते. म्हणून गूळ कमी असेल तेव्हा उलथनं पुरणात उभं राहिलं की तिथेच गॅस बंद करायचा. गार होताना ते आणखी आळतं. गरम आहे तोवरच यंत्रातून काढायचं. आणि लाटायला बसण्याआधी एक करून बघा. कणकेचा गोळा आणि पुरणाचा गोळा शेजारी ठेवून दोन्हींवर बोट दाबायचं. दोन्ही सारखेच दबले पाहिजेत. पुरण घट्ट लागलं तर चमचाभर कोमट दूध घालून मळून घ्या, कणीक घट्ट लागली तर तेलाचा हात लावून तिंबा. हे एक जमलं की पोळी कडेपर्यंत भरते.

डाळ मात्र गूळ घालण्याआधी पूर्ण शिजलेली हवी. गूळ पडला की कच्चा दाणा पुढे शिजत नाही. हीच गोष्ट खपली गव्हाच्या खिरीत आणखी दिसते. सांगली-मिरज पट्ट्यात लग्न असो, मंदिराचा महाप्रसाद असो, ही खीर असतेच. कांडून साल काढलेले गहू रात्रभर भिजवायचे, कुकरला भरपूर शिट्ट्या द्यायच्या आणि दाणा दोन बोटांत धरून चिरडायचा. तो मेणासारखा दबला तरच गूळ घालायचा. आत पांढरा कण दिसला तर पाणी घालून अजून शिजवा. घाईने गूळ घातला तर तासभर उकळूनही गहू चिवटच राहतो, आणि मग चव लागत नाही म्हणून माणसं वर आणखी गूळ ओततात. नीट शिजलेल्या खपलीला स्वतःची गोडसर चव असते. सुकं खोबरं, भाजलेली खसखस, सुंठ, वेलदोडा आणि थोडी बडीशेप एवढं घातलं की वाटीभर गव्हाला पाऊण वाटी गूळ पुरे. इथे गूळ काही बांधत नाही, त्यामुळे कमी केल्याने बिघडत काहीच नाही. दूध मात्र भांड्यात ओतू नका, उकळत्या गुळात ते फाटतं. वाढताना वाटीत खीर घेऊन वर कोमट दूध आणि तूप घालायचं.

आता गुळाचा प्रश्न. सरळ सांगते, सासऱ्यांच्या रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर जवळपास सारखेच. गुळात थोडी खनिजं असतात, चव खोल असते, पण त्याचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग साखरच आहे आणि उष्मांकातही नाव घेण्याजोगा फरक नाही. काकवी, मध, खजूर, आपला तासगावचा बेदाणा, यांतही मुख्यतः साखरच. बेदाणा वाटून शिऱ्यात घातला तर चव सुंदर येते, जरूर घाला, पण ‘साखर नाही’ असं सांगून सासऱ्यांना दोन वाट्या वाढू नका. गुळाच्या नावाखाली मधुमेही माणसं दुप्पट खाताना मी पाहते आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. दुकानातल्या बिनसाखरेच्या गोळ्या-भुकटीने चहा गोड होईल, पण पाकाला तार येणार नाही, की वडी धरणार नाही.

गूळ घेताना मात्र चाखून घ्या. कृष्णाकाठी पाणी जास्त देऊन देऊन बरीच जमीन क्षारपड झाली आहे. तसल्या रानातल्या उसाचा गूळ खारट उतरतो आणि त्यामुळे जास्त घालावा लागतो. पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, रंग उजळण्यासाठी रसायन वापरलेलं असू शकतं. तपकिरी, फोडल्यावर रवाळ आणि जिभेवर खारटपणा न ठेवणारा गूळ घ्या. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचे सौदे निघतात. तिथून माघ-फाल्गुनापर्यंत गुऱ्हाळं चालू असतात, तोवर गूळ ताजा मिळतो. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं, म्हणून वर्षाची साठवण कोरड्या डब्यात, कागदात गुंडाळून करा.

आणि इथूनच ऋतूंचं कोडं सुटतं. गूळ नवा, तीळ नवे, बाजरी नवी, हवा थंड, म्हणून भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही हेमंत-शिशिरात भूक बळकट असते, जड आणि स्निग्ध खाणं पचतं, असंच सांगितलंय. वर्षाचं जड गोड मी म्हणूनच याच तीन-चार महिन्यांत सांगते. डिंक, मेथी, अळीव, तीळ, गुळाची पोळी, काकवीबरोबर भाकरी. गुळाच्या पोळीच्या सारणाची गोडी उतरवायला बेसन वाढवू नका, ते कोरडं होऊन कडेपर्यंत जात नाही. पोळ्या वाटीने कापून लहान करा.

वसंतात तीच ऋतुचर्या जड, आंबट आणि गोड कमी करायला सांगते. पाडव्याला सकाळी कडुलिंबाची कोवळी पानं, ओवा, हिंग आणि गूळ वाटून खातो, ते या दिवसांना धरूनच आहे. श्रीखंड त्या एका दिवसापुरतं ठीक, पण हल्ली ते पाडव्यापासून मे संपेपर्यंत फ्रीजमध्ये डबा भरून असतं. मला हे पटत नाही. उन्हाळ्यात गोडाची जागा फळांना द्या. अक्षय्यतृतीयेनंतर आंबा खरा पिकलेला मिळतो. पायरीच्या रसाला साखर लागतच नाही, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घाला. रसात साखर घालावी लागली तर समजा आंबा अढीत नीट पिकलेला नाही, अजून दोन दिवस थांबा. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते, ती नुसती ठेचून सायीच्या दह्यात घातली तर मुलाला जॅमची आठवण येणार नाही.

पावसाळ्यात पचन मंद असतं. आपल्याकडे नागपंचमीला चिरायचं-तळायचं नाही म्हणून पुरणाचे दिंड उकडून करतात. बत्तीस शिराळ्याकडे तर तो मोठाच सण. उकडलेलं पुरण पोटाला हलकं जातं, तूपही बेताचं लागतं. नंतर गौरी-गणपती आणि नवरात्रातल्या कडाकण्या, म्हणजे तळलेल्या पातळ गोडसर पुऱ्या. कडाकण्यांना गोडी मुळातच बेताची असते, तिथे काही कमी करायला नको.

आता सासऱ्यांचं ताट. डाळीइतकाच गूळ घातलेल्या पुरणात दर साठ ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर गूळ बसतो, म्हणजे तेवढ्या पुरणाच्या एका पोळीत चार चमचे साखर धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असली तर अधिक चांगलं. दोन हजार उष्मांकांना हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. हे निरोगी माणसाचं. सासऱ्यांना अर्धी पोळी वाढा, ती जेवणातच, कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर यांच्याबरोबर, आणि त्या वेळी भात काढून टाका. दुपारी उशिरा किंवा रात्री झोपताना ‘एक लाडू’ असं नको. औषधाच्या वेळा आणि मात्रा सणासाठी आपल्या मनाने बदलू नका, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

पण ताई, तुम्ही सणाच्या गोडावर इतकी मेहनत घेताय, तर आधी रोजचा चहा बघा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला आठ चमचे, चाळीस ग्रॅमच्या आसपास. महिन्याला किलोच्या वर साखर एका माणसाच्या पोटात जाते आणि तिची कुणाला आठवणही राहत नाही. मुलाचंही तसंच. कोला पेयाच्या तीनशे मिलीच्या बाटलीत तीसएक ग्रॅम साखर असते, शिवाय बिस्किटं, सरबताचे पाक, सॉस. हे सगळं रोजचं. पूर्वी गोड हे तिथीला बांधलेलं होतं. बेंदराला पोळी झाली की पुढची नागपंचमीपर्यंत नसे. माझं स्पष्ट मत आहे की काटकसर रोजच्या साखरेत करावी. सणाची पोळी नीट गोडच करावी, कमी खावी. चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा उतरवत न्या. एकदम बंद केली की घर बंड करतं, हळूहळू कमी केली की दोन-तीन महिन्यांत जीभ सरावते आणि मग जुन्या मापाचा चहाच नकोसा वाटतो.

पुढे आषाढात तुमच्याकडे आखाड तळतील, म्हणजे तळणीचे पदार्थ होतील, म्हणून कापण्यांचं माप देऊन ठेवते. चार वाट्या कणकेला दीड वाटी गूळ घेतात, तुम्ही सव्वा घ्या. वाटीभर गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गूळ कमी केला की कापणी कडक होते, म्हणून चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला. पीठ घट्ट मळा, अर्धा तास झाका, जाड लाटून वर खसखस दाबा आणि शंकरपाळ्यासारख्या कापा. आच मध्यमच ठेवा. गुळामुळे वरचा रंग लवकर चढतो आणि आत कच्चं राहतं, म्हणून पहिली एक तळून, मोडून आत बघा आणि मगच बाकीच्या कढईत सोडा.